‘गावात राजकारण नको’ : एका सोज्वळ घोषणेचा हिशेब

स्थानिक स्वराज्य संस्थांत पक्षीय राजकारण नसावे, गावाने आपली चार भली माणसे एकमताने निवडून द्यावीत आणि त्यांनी सर्वांचे हित पाहावे, हा विचार अत्यंत सात्त्विक भाषेत मांडला जातो. तो मांडणाऱ्या प्रत्येकाचा हेतू कुटिल असतो असेही नाही. परंतु राजकीय विचाराची कसोटी हेतूंवर लागत नसते, परिणामांवर लागत असते. ‘बिनविरोध’ हा शब्द ज्यांना अभिनंदनाचा वाटतो, त्यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील ग्रामीण वेल्सचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

ग्रामीण वेल्स हे या विचाराला सर्वांत अनुकूल क्षेत्र होते. बहुसंख्यांची भाषा वेल्श होती. चॅपेल हे सामाजिक जीवनाचे केंद्र होते. इंग्रजी बोलणारा आणि इंग्लिश चर्चला मानणारा बडा जमीनदार हा साऱ्या समाजाचा समान प्रतिपक्ष होता. ‘ग्वेरिन’ म्हणजे साधी, धर्मनिष्ठ, वाचनप्रिय रयत, असे स्वतःचे वर्णन करणे या समाजाला आवडे, आणि या रयतेत वर्गभेद नाहीत अशी त्याची मनोमन श्रद्धा होती. पक्षविरहित कारभार कोठे यशस्वी व्हायचाच असेल, तर तो येथे व्हायला हवा होता.

प्रत्यक्षात काय झाले ते पाहण्यापूर्वी संस्थेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. १८९४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये पॅरिश कौन्सिल आणि तिच्या वर ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी रचना झाली. काउंटी कौन्सिले त्याआधीच, १८८९ पासून, काम करू लागली होती. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे काउंटीचा एक तुकडा; आकाराने तालुक्याएवढा किंवा त्याहून लहान. घरे, पिण्याचे पाणी, सांडपाणी, आरोग्याला अपायकारक गोष्टींचा बंदोबस्त आणि १९३० पर्यंत गावचे रस्ते, ही कामे या कौन्सिलकडे होती. शिवाय ग्रामीण भागात कौन्सिलचा सभासद हाच ‘पुअर लॉ’खालील गार्डियन असे. निराधार म्हाताऱ्याला घरपोच चार शिलिंग द्यायचे की वर्कहाऊसची वाट दाखवायची, हे तोच ठरवी. ही सत्ता लहान नव्हती. गरिबाच्या दृष्टीने ती लंडनच्या पार्लमेंटपेक्षा अधिक जवळची आणि अधिक कठोर होती.

राजकारण नको, पण केव्हापासून?

गावात राजकारण नको, हे वेल्समध्ये अनादि काळापासून कोणी म्हणत नव्हते. १८६८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध लिबरल पक्षाला मत दिले म्हणून कार्डिगनशायर, कार्मार्थनशायर या काउंट्यांत कुळांना शेतांवरून हुसकावून लावण्यात आले. १८७२ मध्ये गुप्त मतदान आले. १८८९ मध्ये काउंटी कौन्सिलांची पहिली निवडणूक झाली, तेव्हा चॅपेलच्या लोकांनी लिबरल पक्षाच्या झेंड्याखाली जमीनदारांना त्यांच्याच काउंट्यांत धूळ चारली. १९०२ च्या शिक्षणविषयक कायद्याने चर्चच्या शाळांना स्थानिक करातून पैसा द्यायचे ठरवले, तेव्हा लॉइड जॉर्ज यांच्या नेतृत्वाखाली वेल्सच्या काउंटी कौन्सिलांनी सरकारविरुद्ध उघड बंड पुकारले. १९०४ मध्ये या प्रश्नावर लढवलेल्या निवडणुकीनंतर वेल्समधील सर्व काउंटी कौन्सिले लिबरलांच्या हाती आली. या काळात कोणी चॅपेलचा डीकन उठून म्हणाला नाही की, स्थानिक संस्था राजकारणापासून दूर ठेवा!

मग ही विरक्ती कधी उपजली? १९१८ मध्ये मताधिकार वाढला. १९१९ मध्ये ग्लॅमॉर्गन आणि मॉनमथशायर या कोळसाखाणींच्या काउंट्या मजूर पक्षाने जिंकल्या. उत्तरेत स्लेटच्या खाणींतील कामगारांचे पुढारी आर. टी. जोन्स १९२२ मध्ये कार्नार्व्हनशायरमधून पार्लमेंटमध्ये गेले. डेव्हिड थॉमस या शिक्षकाने १९१० मध्येच ‘रयत आणि तिचे राज्य’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक वेल्श भाषेत लिहून, ‘ग्वेरिन’ या लाडक्या शब्दाचा खरा वारस श्रमिक आहे असे बजावले होते. सारांश, खाणकामगार, रेल्वे कामगार आणि शेतमजूर निवडणुकीच्या दारात येऊन उभे राहिले. नेमक्या त्याच सुमारास, काल-परवापर्यंत कडवे पक्षनिष्ठ असलेले शेतकरी, दुकानदार, पाद्री आणि वकील ‘अपक्ष’ झाले. ज्यांनी जमीनदाराला पक्षाच्या बळावर हटवले, त्यांनी मजुराला मात्र सांगितले की, पक्ष ही वाईट गोष्ट आहे. आपण वर चढल्यावर शिडी काढून घेण्याची ही रीत जगाच्या पाठीवर कोठेही नवी नाही.

तीन कुलपे

अपक्षांची ही सत्ता निवडणुकीतूनच आली होती, मग तक्रार कसली, असे विचारले जाते. निवडणुका होत होत्या हे खरे आहे. पण कित्येक पॅरिशांत एका जागेला एकच अर्ज येई आणि तोच सभासद दर तीन वर्षांनी बिनविरोध परत जाई. ही एकवाक्यता उत्स्फूर्त नव्हती. तिच्या मागे तीन कुलपे होती.

पहिले कुलूप कायद्याचे. १९१८ च्या कायद्याने पार्लमेंटसाठी प्रौढ पुरुषाला मत दिले. १९२८ मध्ये एकवीस वर्षांवरील स्त्रीलाही ते मिळाले. स्थानिक संस्थांसाठी मात्र मत मिळे ते जमिनीच्या अथवा घराच्या ताबेदाराला, मग तो मालक असो की भाडेकरू, आणि त्याच्या पत्नीला. आईबापांच्या घरात राहणारी प्रौढ मुले, फर्निचरसह भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणारा कामगार आणि मालकाच्याच घरात राहणारा गडी यांना हे मत नव्हते. वेल्सच्या शेतीत अविवाहित गड्यांचे प्रमाण मोठे होते. ते जत्रेत ठरावीक मुदतीच्या बोलीवर ठरत, मालकाच्या घरी जेवत आणि कित्येक ठिकाणी तबेल्याच्या माळ्यावर झोपत. मराठी वाचकाला ‘सालगडी’ म्हटले की यांची स्थिती वेगळी समजावून सांगायला नको. १९२९ मध्ये हा गडी ब्रिटिश साम्राज्याचे सरकार निवडू शकत होता. आपल्या गावच्या विहिरीचा निर्णय करणारा सभासद निवडू शकत नव्हता! स्थानिक मताधिकार पार्लमेंटच्या मताधिकाराबरोबर आणला गेला तो १९४५ मध्ये. तोपर्यंत ‘गावाचे एकमत’ याचा अर्थ ताबेदारांचे एकमत एवढाच होता.

दुसरे कुलूप वेळेचे व पैशाचे. कौन्सिलच्या सभा दिवसा होत. सभेसाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याची तरतूद १९४८ च्या कायद्याने झाली. त्याआधी ज्याला सभासद व्हायचे त्याने आपला रोज बुडवावा आणि वर मालकाची परवानगी मागावी, अशी स्थिती होती. स्वतःचे घोडे आणि स्वतःचा वेळ असलेल्या शेतकऱ्याला सभेला जाणे हा बाजारच्या दिवसाला जोडून उरकण्याचा उद्योग होता; मजुराला तो चुलीवरचा घाला होता.

तिसरे कुलूप उपकाराचे, आणि ते सर्वांत मजबूत होते. नैऋत्य वेल्समधील शेतीसमाजाचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड जेन्किन्स यांनी एका प्रथेचे बारकाईने वर्णन केले आहे. भूमिहीन झोपडीवाला शेतकऱ्याच्या शेतात बटाट्याच्या काही ओळी लावी आणि त्या ओळींच्या बदल्यात सुगीच्या दिवसांत त्याच्याकडे राबायला बांधलेला असे. कोणाच्या ओळी किती आणि कोणाचे दिवस किती, हा हिशेब कागदावर नसला तरी कोणी विसरत नसे. वर्षाचे बटाटे ज्याच्या वावरातून यायचे, त्याच्याविरुद्ध उमेदवारीचा अर्ज भरायला कोणता माणूस धजेल? ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिलला निदान मतपेटी होती. पॅरिश कौन्सिलच्या निवडणुका सभेत हात वर करून होत. कोणाचा हात वर गेला हे मालक, दुकानदार आणि डीकन तिघेही पाहत. अशा गावात निवडणूक बिनविरोध झाली तर तिला सामंजस्य म्हणायचे की मुकेपणा?

घरांचा आणि पाण्याचा हिशेब

या कौन्सिलांनी काय केले, हा खरा प्रश्न आहे. त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. ग्रामीण वेल्स गरीब होते. स्थानिक कर मालमत्तेच्या वार्षिक मूल्याच्या दर पौंडामागे अमुक पेन्स असा बसे. विरळ वस्तीच्या डोंगराळ डिस्ट्रिक्टमध्ये एक पेनी कर वाढवून हाती येणारी रक्कम क्षुल्लक असे. त्यात युद्धानंतर बड्या जमीनदारांनी इस्टेटी विकायला काढल्या, कुळांनी कर्जे काढून चढ्या भावाने आपापली शेते विकत घेतली आणि १९२१ पासून शेतमालाचे भाव कोसळले. कर्जात बुडालेला नवा मालक करवाढीला भिणारच.

हे मान्य करूनही हिशेब जुळत नाही. १९१९ च्या ॲडिसन यांच्या गृहनिर्माण कायद्याने स्थानिक संस्थेचा तोटा एक पेनी कराच्या उत्पन्नापुरता मर्यादित केला होता. त्यावरचा बोजा सरकारी तिजोरी उचलणार होती. ही सवलत १९२१ मध्ये आखडण्यात आली. पुढे १९२४ मध्ये पहिल्या मजूर सरकारातील जॉन व्हीटली यांनी दर घरामागे वर्षाला नऊ पौंड आणि शेतीप्रधान पॅरिशांत साडेबारा पौंड, असे चाळीस वर्षे चालणारे अनुदान दिले. ग्रामीण कौन्सिलांना शहरांपेक्षा अधिक पैसा मुद्दाम देऊ केला होता. १९३४ मध्ये ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी इंग्लंड-वेल्स मिळून दहा लाख पौंडांची तरतूद झाली. ती अपुरी होती. पण जो अर्ज करील त्यालाच तीतून काही मिळणार होते.

करभाराचा मुद्दा तर आणखी बोलका आहे. शेतजमिनीवरील स्थानिक कर १८९६ मध्ये निम्मा झाला, १९२३ मध्ये एक चतुर्थांशावर आला आणि १९२९ च्या कायद्याने पूर्णपणे माफ झाला. म्हणजे १९३० नंतर शेतकरी आपल्या जमिनीवर एक छदामही स्थानिक कर देत नव्हता. कर उरला तो घरांवर आणि दुकानांवर. त्यात मजुराची झोपडीही आली. तरीही ‘आम्ही करदाते आहोत, म्हणून कारभार आमच्या हाती हवा’ हा दावा करणाऱ्यांचे आसन जागचे हलले नाही. कर गेला, करदात्याचा रुबाब राहिला.

या कारभाराचे लेखापरीक्षण अखेर झाले, आणि ते करणारा कोणी समाजवादी नव्हता. वेल्समधील क्षयरोगविरोधी व्यवस्थेची चौकशी करण्यासाठी क्लेमंट डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. डेव्हिस हे माँटगोमरीशायरचे सुपुत्र, व्यवसायाने वकील, त्याच काउंटीचे पार्लमेंटमधील प्रतिनिधी आणि पुढे लिबरल पक्षाचे नेते झालेले गृहस्थ. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण धुराने कोंदलेल्या औद्योगिक शहरांत अधिक असेल, असा सर्वसाधारण समज होता. अहवालाने दाखवले की, कार्नार्व्हनशायर, मेरियोनेथ, अँगलसी, कार्डिगनशायर या मोकळ्या हवेच्या, समुद्र आणि डोंगर लाभलेल्या काउंट्या या बाबतीत सबंध इंग्लंड-वेल्समधील सर्वांत वाईट काउंट्यांत मोडत होत्या. ओलसर भिंती, मातीची जमीन, कोंदट झोपण्याच्या खोल्या, नळाचा अभाव, गटारांचा अभाव आणि पडक्या शाळा यांची जंत्री या अहवालात आहे. कायद्याने दिलेले अधिकार स्थानिक संस्थांनी वापरलेच नाहीत, असा ठपका तीत नावानिशी ठेवलेला आहे.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. याच वेल्सच्या दऱ्या अडवून लिव्हरपूलने एकोणिसाव्या शतकात व्हर्न्वी येथे जलाशय बांधला. १९०४ मध्ये एलान खोऱ्याचे पाणी बर्मिंगहॅमला गेले. दूरच्या शहरांच्या नळांना पाणी पुरवणाऱ्या प्रदेशातील खेड्यांत बायका बादल्या घेऊन झऱ्यावर जात होत्या. इंग्रज महापालिकांना दोष देणे सोपे आहे आणि तो दोष त्यांचा आहेही. परंतु त्या महापालिकांनी आपल्या नागरिकांसाठी सुमारे सत्तर मैलांवरून पाणी आणले. ग्रामीण कौन्सिलांनी शंभर यार्डांवरून आणले नाही, हेही तितकेच खरे आहे.

स्लेटच्या प्रदेशाची कथा त्याहून विदारक आहे. खाणीतील धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होत असताना खाणमालकांच्या पदरी असलेले डॉक्टर एके काळी उकळलेल्या काळ्या चहाला दोष देत होते. धुळीच्या या रोगाबद्दल स्लेट-कामगारांना नुकसानभरपाई मिळवून देणारा कायदा १९७९ मध्ये झाला. खाणीत धूळ आणि घरी ओल. यांपैकी पहिली गोष्ट खाणमालकाच्या हाती होती, दुसरी कौन्सिलच्या हाती होती. दुसऱ्या गोष्टीत मालकाची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती आपल्याच भाषेत प्रार्थना म्हणणाऱ्या आपल्याच माणसांची.

निवडणूक लढली गेली तेव्हा

निवडणुका पक्षाच्या नावावर लढल्या गेल्या तेथे काय घडले? दक्षिणेत पॉन्टर्डावे, लानेली यांसारखी कौन्सिले नावाला ग्रामीण होती; त्यांच्या हद्दीत अँथ्रासाइट कोळशाच्या खाणी आणि टिनपत्र्याचे कारखाने होते. येथे कामगार संघटनांच्या पाठबळावर मजूर उमेदवार उभे राहिले आणि निवडूनही आले, कारण संघटनेचा माणूस बटाट्याच्या ओळींचा मिंधा नव्हता. त्याला पाडायचे तर त्याच्याविरुद्ध उभे राहून, घरांचे आणि पाण्याचे काय करणार हे मतदारांना सांगावे लागे. पक्षीय लढतीचा लाभ हाच असतो. ती माणसाला देव करत नाही, पण त्याला जबाब द्यायला लावते.

गरिबांनी ही सत्ता खरोखरच वापरली, तेव्हा मात्र ‘राजकारण नको’ ही घोषणा थेट लंडनहून आली. १९२६ च्या खाणसंपात उपाशी कुटुंबांना साहाय्य देणाऱ्या गार्डियन मंडळांवर आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांची वक्रदृष्टी वळली. त्याच वर्षी कायदा करून, मंडळ बाजूला सारण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला आणि १९२७ मध्ये मॉनमथशायरमधील बेडवेल्टी येथे लोकनियुक्त गार्डियनांच्या जागी सरकारी आयुक्त बसवले. खाणकामगारांच्या त्या भागात गार्डियनांचा गुन्हा एवढाच होता की, त्यांनी उपाशी लोकांवर अधिक खर्च केला. ग्रामीण कौन्सिलांनी वर्षानुवर्षे घरे बांधली नाहीत, झऱ्यांना नळ लावले नाहीत. त्यांच्याबाबत अशी तत्परता दिसली नाही. गरिबांवर जास्त खर्च करणे हे राजकारण ठरले आणि खर्च न करणे हा सुज्ञ कारभार ठरला.

आता समाजवाद्यांनी स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. मजूर पक्षाचे लक्ष खाणींच्या दऱ्यांवर खिळलेले होते. विखुरलेल्या शेतमजुरापर्यंत पोचण्याचे चिकाटीचे काम थोड्याच कार्यकर्त्यांनी केले. ज्या दऱ्यांत पक्षाचे आसन पक्के झाले, तेथे त्याचेही सभासद बिनविरोध परत येऊ लागले आणि बिनविरोध सत्तेचे सारे रोग त्यांनाही जडले. लानेली ग्रामीण कौन्सिलचेच उदाहरण पुढच्या काळातले आहे. लांगेनेख गावच्या आयलीन बीझ्ली आणि खाणकामगार ट्रेव्हर बीझ्ली या दांपत्याने १९५२ मध्ये कराची मागणी वेल्श भाषेत येईपर्यंत कर न भरण्याचा निश्चय केला. वेल्श भाषकांच्या त्या प्रदेशात कौन्सिलने त्यांना पुनःपुन्हा कोर्टात खेचले, घरातील सामान जप्त केले, आणि १९६० मध्ये एक साधा द्विभाषिक कागद छापून दिला. रयतेच्या भाषेतला कागद रयतेला देण्यासाठी आठ वर्षे! ज्या सत्तेला आव्हान देणारा उरत नाही, ती कोणत्याही पक्षाची असो, तिला ऐकू येईनासे होते.

अर्थात, गावात भांडणे होतील या भीतीचे काय? ही भीती खरी आहे, आणि तिची थट्टा करून भागत नाही. लहान गावात माणसांना एकमेकांची गरज लागते. आज विरोधात मत देणाऱ्याच्या दारात उद्या ओळखीसाठी, उसनवारीसाठी किंवा तिरडी उचलण्यासाठी जावे लागते. परंतु वेल्सच्या गावात कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट आणि वेस्लियन अशी चार चॅपेले एका रस्त्यावर उभी होती आणि पाप-पुण्याच्या प्रश्नावर त्यांचे पिढ्यान् पिढ्या जमले नव्हते. तेवढ्याने गाव मोडले नाही. मग नळ कोणत्या वाडीला आधी द्यावा यावर मतभेद झाला तर ते कसे मोडणार? भांडण नव्हतेच असे नाही. एका बाजूच्या माणसांना ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती, आणि न बोललेले भांडण क्षयाच्या आकड्यांत उमटले.

ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिले १९७४ मध्ये इतिहासजमा झाली. रचना बदलली, नावे बदलली. पण २०२२ च्या निवडणुकीतही ग्वीनेदसारख्या काउंटीत अनेक जागांवर एकच उमेदवार होता. कायद्याने पहिली दोन कुलपे काढता येतात, तिसरे काढता येत नाही. ते उघडते ते संघटनेने. मजुराला मत मिळाले, भत्ता मिळाला, गुप्त मतपेटी मिळाली, तरी त्याच्या पाठीशी कोणी उभे नसेल तर तो अर्ज भरायला जात नाही.

म्हणून कार्यकर्त्याने एखाद्या गावाच्या एकमताचे कौतुक ऐकले की हार घालण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. या एकमतात कोणाला मत होते? सभेला येण्यासाठी कोणाचा रोज बुडाला असता? कोणाचे बटाटे कोणाच्या वावरात आहेत? आणि गावात सर्वांत ओले घर कोणाचे आहे? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर निवडणूक बिनविरोध झाल्याने काही बिघडत नाही. ती तशी नसतील, तर त्या गावात एक पराभूत होणारा उमेदवार उभा करणे हेही मोठे काम आहे. तो पडेल, पण घरांचा आणि पाण्याचा प्रश्न त्या दिवसापासून गावाच्या चावडीवर आलेला असेल.